खिळ्यांचे बूट
धावताना, वळताना अथवा एकदम थांबताना पाय घसरू नये म्हणून तळास धातूचे खिळे, पाती किंवा रबरी गुटके बसविलेली मैदानी खेळांची पादत्राणे. बेसबॉल, फुटबॉल, क्रिकेट व धावण्याच्या शर्यती यांत ती वापरतात. त्यांची निवड खेळाडूच्या आवडीपेक्षा जमिनीचा प्रकार आणि खेळाचे नियम यांवर अधिक अवलंबून असते.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत संघटित खेळ वाढले आणि ओलसर हिरवळीवर पकड देणाऱ्या बुटांची गरज भासू लागली. इंग्लंडमधील बोल्टन येथे जे. डब्ल्यू. फॉस्टर यांनी १८९५ च्या सुमारास धावपटूंसाठी खिळ्यांचे बूट तयार केले. बेसबॉलच्या बुटास चवड्याखाली व टाचेखाली धातूची पाती बसवीत. मात्र घसरत तळ गाठणाऱ्या धावकाच्या पात्यांनी रक्षकास इजा होण्याचा धोका असल्याने लहान मुलांच्या स्पर्धांत धातूऐवजी रबरी वा प्लॅस्टिकचे गुटके असलेले बूट घालावे लागतात. बदलता येणाऱ्या गुटक्यांचे महत्त्व १९५४ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत दिसून आले. बर्न येथील अंतिम सामन्यात पावसाने भिजलेल्या मैदानावर पश्चिम जर्मनीच्या खेळाडूंनी लांब गुटके वापरले व हंगेरीचा ३–२ असा पराभव केला.

भारतात कोरड्या, टणक जमिनीवर अनवाणी खेळण्याची परंपरा होती आणि ती उणेपणाची मानली जात नसे. १९११ मध्ये मोहन बागान संघाने ब्रिटिश सैनिकी संघास हरविले, तेव्हा त्याचा एकच खेळाडू बूट घालून खेळला. तथापि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अनेक भारतीय खेळाडू अनवाणी उतरले व यूगोस्लाव्हियाकडून १०–१ असा पराभव झाला. त्यानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले. महाराष्ट्रातील कबड्डी व खो-खो हे खेळही मातीच्या मैदानावर अनवाणी खेळले जात. कबड्डी कृत्रिम गादीवर आल्यावर रबरी तळाचे सपाट बूट आवश्यक झाले. गादीवर खिळ्यांना स्थान नाही. धावण्याच्या कृत्रिम मार्गावर खिळ्याची लांबी सर्वसाधारणतः ९ मिमी. पर्यंत मर्यादित असते.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात ही निवड जमिनीच्या विविधतेमुळे विशेष लक्षणीय ठरते. गोदावरी-प्रवरा खोऱ्यातील खोल काळी माती भिजली की फुगते, चिकट होते व गुटक्यांत भरून बुटाची पकड नाहीशी करते. वाळली की तिला भेगा पडतात. पठारी भागातील जमीन उथळ व मुरमाड आहे. ओल्या काळ्या मातीस लांब व विरळ गुटके सोयीचे; टणक मुरमावर आखूड व दाट रबरी गुटके बरे, कारण तेथे धातूचा खिळा रुतत नाही आणि सर्व भार तळपायाच्या मोजक्या बिंदूंवर येतो.

याच जिल्ह्यातील श्रीरामपूर येथे जन्मलेल्या (१९७८) झहीर खान या डावखुऱ्या जलदगती गोलंदाजाने ९२ कसोटी सामन्यांत ३११ बळी घेतले. जलदगती गोलंदाजाचा पुढचा पाय शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार घेऊन जमिनीवर पडतो. तो जागच्या जागी रोवला न गेल्यास चेंडूची दिशा बिघडते आणि घोटा व गुडघा यांस दुखापत संभवते. याच खिळ्यांनी खेळपट्टी उखडते. म्हणून चेंडू टाकल्यानंतर तिच्या मधल्या संरक्षित पट्ट्यात जाण्यास गोलंदाजाला नियमाने मनाई आहे. नवशिक्यांनी मात्र मैदान पाहिल्याशिवाय खिळ्यांचे बूट घेऊ नयेत. ते घट्ट बसणारे, पण बोटांना न दाबणारे असावेत.