आठशे मीटरची बंदी



जानेवारीत आपल्याकडे कापसाची शेवटची वेचणी चालू असते, तेव्हा एका रविवारी मुंबईत पहाटे अंधारातच हजारो माणसं रस्त्यावर धावायला उतरतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघायचं, समुद्राच्या कडेनं आणि समुद्रावरच्या पुलावरून वांद्र्याकडे जायचं आणि परत फिरायचं. अंतर 42 किलोमीटर 195 मीटर. ही मुंबई मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली, आणि कोरोनाची दोन वर्षं सोडली तर दरवर्षी होत आली.

टीव्हीवर त्या दिवशी नट-नट्या आणि मोठे उद्योगपती दिसतात, म्हणून आपल्याला वाटतं, ही शहरातल्या पोट भरलेल्यांची हौस. पण भारतीय बायांमध्ये पहिला नंबर कोणाचा आला ते पाहा. 2012, 2013 आणि 2014, सलग तीन वर्षं ललिता बाबर. गाव मोही, तालुका माण, जिल्हा सातारा. टँकरची वाट पाहणारा तालुका, घर शेतकऱ्याचं. 2017 साली ज्योती गवते, परभणीची. नाशिकच्या डोंगरातल्या सावरपाड्याची कविता राऊत लांब पल्ल्याच्या शर्यतींत इतकी पुढे गेली, की 2010 च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक आणलं आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती मॅरेथॉन धावली. त्याच रिओत ललिता 3000 मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत पोचली. 1984 च्या पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी धावपट्टीवरच्या अंतिम फेरीत आलेली ती पहिली भारतीय बाई. पुढे ती उपजिल्हाधिकारी झाली.

या पोरी धावल्या ती वाट मात्र त्यांच्या आधीच्या बायांना कोणी सुखासुखी दिलेली नाही.

मॅरेथॉन हे ग्रीस देशातल्या एका गावाचं नाव. तिथली लढाई जिंकल्याचा निरोप घेऊन एक शिपाई अथेन्स शहरापर्यंत धावला, अशी दंतकथा सांगतात. 1896 साली अथेन्सला नव्यानं ऑलिंपिक भरलं, तेव्हा त्या वाटेवर शर्यत ठेवली. फक्त पुरुषांची. स्तमाता रेविथी नावाच्या एका गरीब बाईनं मलाही धावू द्या म्हटलं. तिच्या पदरी लहान लेकरू होतं आणि ती कामाच्या शोधात निघालेली होती. तिला नकार मिळाला. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी ती त्याच वाटेवर एकटी धावली. जवळजवळ साडेपाच तास लागले. मैदानात तिला येऊ दिलं नाही.

आम्हाला तिची एक गोष्ट फार आवडली. निघण्याआधी तिनं गावातल्या शिक्षकाची आणि अधिकाऱ्याची कागदावर सही घेतली की ही बाई इतक्या वाजता इथून निघाली, आणि पोचल्यावर तिथल्या माणसांकडून पोचल्याची वेळ लिहून घेतली. बचत गटातल्या बाईला सहीची किंमत वेगळी सांगायला नको. त्या कागदाचं पुढे काय झालं कोणाला माहीत नाही, पण धावलेच नाही असं तिला कोणी म्हणू शकत नाही.

पुढे 1928 साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायांसाठी पहिल्यांदा 800 मीटरची शर्यत ठेवली. अंतिम फेरीत नऊ जणी धावल्या आणि नऊही जणींनी ती पूर्ण केली. संपल्यावर काही जणी दम खात जमिनीवर टेकल्या. पुरुषही टेकतात. पण वर्तमानपत्रांनी लिहिलं की बाया कोसळल्या, अर्ध्यावर सोडून गेल्या, हे त्यांच्या शरीराला झेपत नाही. तेवढ्यावर 800 मीटर बंद. ती शर्यत परत आली 1960 साली. एका खोट्या बातमीपायी 32 वर्षं गेली!

मॅरेथॉनचं तर विचारूच नका. 1966 साली अमेरिकेत बॉस्टनच्या मॅरेथॉनला बॉबी गिब या तरुणीनं अर्ज केला, तर उत्तर आलं की बायांना एवढं अंतर झेपत नाही. ती सुरुवातीच्या जागेजवळ झुडपात लपून बसली आणि घोळक्यात शिरून धावली. पुढच्या वर्षी कॅथरीन स्विट्झरनं अर्जावर नावाची आद्याक्षरं आणि आडनाव लिहिलं, त्यामुळे तिला 261 नंबर मिळाला. वाटेत बाई दिसल्यावर एका पंचानं धावत येऊन तो नंबर ओढायचा प्रयत्न केला. त्याचे फोटो जगभर गेले. 1972 पासून बॉस्टननं बायांना रीतसर घेतलं, आणि ऑलिंपिकमध्ये बायांची मॅरेथॉन आली ती थेट 1984 साली. रेविथी धावल्यानंतर 88 वर्षांनी.

कॅथरीनला लोक तेव्हा सांगत की एवढं धावलीस तर गर्भाशय खाली येईल. हे वाचून आमच्या बैठकीत आधी हसू आलं, मग सगळ्या गप्प झाल्या. कारण हेच वाक्य मुकुटबनात आम्ही याच वर्षी ऐकलं. पोरीला धावायला लावू नका, पिशवी सरकते, लग्न व्हायचं आहे अजून. असं म्हणणाऱ्या एका काकूंनी स्वतः बाळंतपणानंतर महिन्याभरात डोक्यावर कापसाची गाठोडी वाहिली होती. पिशवीला त्रास होतो तो ओल्या अंगानं जड उचलल्यानं. त्याला कोणी बंदी घातलेली नाही.

आता हा विषय आम्ही का काढला, ते सांगतो. पोलीस भरतीला मुलींची जी मैदानी चाचणी असते, त्यात 50 पैकी 20 गुण धावण्याच्या एका अंतराला आहेत. ते अंतर 800 मीटर. जगानं बायांसाठी 32 वर्षं बंद ठेवलं, तेच. मॅरेथॉन म्हणजे या अंतराच्या जवळजवळ 53 फेऱ्या, पण आपल्या गावच्या आणि आजूबाजूच्या पोडावरच्या पोरींना सध्या एकच फेरी वेळेत पूर्ण करायची आहे. त्यासाठी पहाटे रस्ता लागतो. रस्त्यावर ट्रकांची वर्दळ आणि टपरीवर टवाळखोर पोरं, त्यामुळे घरचे म्हणतात, जाऊ नको. मागच्या भरतीला आमच्या दोन पोरींनी याच कारणानं सराव सोडला. त्यांच्या बापांना आम्ही दोष देत नाही, भीती खरी आहे. पण पोरीला घरात ठेवणं हा त्यावरचा इलाज आम्हाला पटत नाही. पोरांना तर कोणी घरात ठेवलं नाही.

बारामतीच्या लताबाई करे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते, म्हणून 2013 च्या सुमारास साठी ओलांडलेली ही बाई तिथल्या मॅरेथॉनमधल्या ज्येष्ठांच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धावली आणि पहिली आली. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. कौतुक आहेच. पण अनवाणी पायांचे फोटो मिरवणाऱ्यांचा आम्हाला थोडा राग येतो. औषधपाण्यासाठी म्हातारीला धावावं लागलं, त्यात मिरवण्यासारखं काय आहे? आमच्या पोरींना आम्ही अनवाणी धावा म्हणणार नाही.

म्हणून मागच्या बैठकीत दोन ठराव झाले. बुटांसाठी गटाच्या अंतर्गत कर्जातून पैसे, परतफेड सहा हप्त्यांत. आणि रोज पहाटे साडेपाचला पाळीपाळीनं गटातल्या दोघी बाया रस्त्यावर. एक या टोकाला, एक त्या टोकाला, अंगावर चमकणारी पट्टी, हातात बॅटरी. मोबाईलवर वेळ लावायची आणि वहीत लिहायचं: नाव, तारीख, मिनिटं, सेकंद, आणि दोघींच्या सह्या. पहिल्या आठवड्यात सात पोरी आल्या. आपल्या भागातल्या ज्या गटांना अशी पाळी लावायची असेल, त्यांनी येत्या ग्रामसंघाच्या बैठकीत विषय मांडावा, वहीचा नमुना आम्ही घेऊन येऊ.