राज्याभिषेक थांबवणारं गळू

बोटाला गळू झालं की पूर्वी घरोघरी पोटीस बांधत. ते पिकून फुटलं आणि पू निघून गेला की ठणका थांबे. पण हेच गळू पोटात झालं तर? १९०२ साली ते खुद्द इंग्लंडच्या राजाला झालं होतं.

सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जूनला ठरला होता. देशोदेशीचे पाहुणे जमले होते. कोल्हापूरचे शाहू महाराजही त्यासाठी इंग्लंडला गेले होते. आणि साठीच्या राजाच्या पोटात दुखू लागलं, ताप चढला. आंत्रपुच्छाला, म्हणजे अपेंडिक्सला सूज येऊन भोवती पू साचला होता. राजा मात्र हट्टाला पेटला : समारंभ होणारच! मग राज्याभिषेकाऐवजी अंत्ययात्राच निघेल, असं सर्जन फ्रेडरिक ट्रीव्ह्‌ज यांनी त्याला बजावलं, असं सांगतात. या बोलण्यामागे एक दुःख होतं. दोनच वर्षांपूर्वी, १९०० साली, याच आजारानं त्यांची तरुण मुलगी गेली होती.

२४ जूनला बकिंगहॅम राजवाड्यातल्याच एका खोलीत राजाला भूल दिली गेली. ट्रीव्ह्‌जनी पोटाला छेद देऊन पू काढला आणि उरलेला झिरपून जावा म्हणून रबरी नळ्या ठेवल्या. अपेंडिक्सला त्यांनी हातच लावला नाही. मला त्यांचं खरं शहाणपण इथं दिसतं. अशा वेळी आतडी आणि भोवतालचे पडदे एकमेकांना चिकटून पुवाभोवती कुंपण घालतात. अपेंडिक्स शोधण्यासाठी ते मोडलं, तर पू पोटभर पसरायचा. तेव्हा पेनिसिलीन कुठलं? ते सापडलं १९२८ साली. अशी जखम वरून घाईनं शिवूनही चालत नाही. ती तळापासून भरत यावी लागते.

दुसऱ्याच दिवशी राजा अंथरुणात उठून बसला, सिगार ओढू लागला! ९ ऑगस्टला राज्याभिषेक झाला.

आज सोनोग्राफीत पाहत, सुईच्या वाटेनं बारीक नळी सोडूनही असा पू काढता येतो. प्रतिजैविकंही हाताशी आहेत. पण आपला हट्ट जुनाच आहे. पोट दुखत असूनही कुणी म्हणतं, ‘घरातलं कार्य उरकू दे, मग डॉक्टरकडे जाऊ.’ मला तेव्हा हा राजा आठवतो. त्याचं कार्य सहा आठवडे थांबलं; तो मात्र पुढं जवळजवळ आठ वर्षं जगला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)