सहेतुक कॅमेराचलन
सहेतुक कॅमेराचलन : शटर उघडे असताना कॅमेरा मुद्दाम हलवून छायाचित्र घेण्याची पद्धत. छायाचित्रकार तिला ‘आयसीएम’ म्हणतात. वस्तूची ओळख मागे पडून रंग, दिशा आणि लय पुढे येते, म्हणून तिची गणना अमूर्त छायाचित्रणात होते. धावणाऱ्या बैलजोडीबरोबर कॅमेरा फिरवून जोडी स्पष्ट टिपणे म्हणजे पॅनिंग. तेथे विषय धावतो. येथे विषय बहुधा जागीच असतो आणि फिरतो तो कॅमेरा.

शटर उघडे असेपर्यंत दृश्यातला प्रत्येक प्रकाशबिंदू सेन्सरवर एक रेघ ओढतो. त्या रेघेचा आकार कॅमेरा ज्या वाटेने गेला त्या वाटेचा असतो. त्यामुळे हालचालीला समांतर असलेल्या कडा टिकतात आणि तिला छेदणाऱ्या कडा पुसल्या जातात. पद्धतीचे सगळे मर्म एवढ्यात आहे. कॅमेरा कसाही झटकला तर सर्वच कडा जातात आणि हाती नुसता गढूळपणा लागतो. काय ठेवायचे आणि काय पुसायचे हे बटण दाबण्याआधी ठरवावे लागते, आणि ज्या भूदृश्यात एखादी दिशा ठळक आहे तेथे ते ठरवणे सोपे जाते.

सांगली जिल्ह्यातील पलूस तालुका या दृष्टीने फार अनुकूल आहे. कृष्णाकाठची काळी सपाट राने, उभा ऊस, सरळ ओळींच्या द्राक्षबागा आणि त्यांच्यामधून गेलेला लोहमार्ग अशी येथील रचना आहे. हिवाळ्यात तुरा आलेला उसाचा फड घ्यावा. कॅमेरा वरून खाली ओढला की कांडी आणि पाला मिळून उभ्या हिरव्या-पिवळ्या तारा होतात; जमीन, फड आणि आभाळ यांच्या सीमा एकमेकींत विरघळतात. तोच फड, तोच उजेड, पण कॅमेरा बांधाला समांतर आडवा फिरवला की एकही ऊस शिल्लक राहत नाही. खाली काळा, त्यावर हिरवा, मग तुऱ्याचा रुपेरी-जांभळट आणि वर आभाळाचा असे चार पट्टे उरतात. एकाच ठिकाणी उभे राहून घेतलेली ही दोन चित्रे शेजारी ठेवली, तर वरचा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

द्राक्षबागेत काम नाजूक असते. मण्यांचा रंग बिघडू नये म्हणून घडांना कागद गुंडाळतात. मांडवाखालच्या सावलीत हे फिकट घड आजूबाजूच्या गडद पानांतून उठून दिसतात, आणि मनगटाच्या छोट्या अर्धगोल हालचालीने त्यांचे कुंचल्याचे फटकारे होतात. मोठी हालचाल केली तर घड पानांत मिसळून जातात.

शटर साधारण 1/15 ते 1 सेकंद ठेवतात. शिकणाऱ्याला 1/2 सेकंद सोयीचा. लख्ख उन्हात आयएसओ 100 आणि एफ/16 ला शटर सुमारे 1/125 येते. ते 1/2 सेकंदावर आणायचे तर प्रकाश सहा स्टॉप, म्हणजे 64 पट कमी करावा लागतो. त्यासाठी एनडी 64 फिल्टर लागतो. सूर्य मावळल्यावर त्याची गरज उरत नाही. पोलरायझर दीड-दोन स्टॉप प्रकाश अडवतो आणि पानांवरची चकाकी काढून हिरवा रंग गडद करतो, म्हणून उसासाठी तो उत्तम. फिल्टर टाळण्यासाठी छिद्र एफ/22 पर्यंत लहान केले, तर सेन्सरवरची धूळ दिसू लागते. ती कॅमेऱ्याबरोबरच फिरत असल्यामुळे सगळे चित्र वाहत असताना तिचे ठिपके मात्र जागच्या जागी ठाम राहतात. उसाच्या ट्रॉल्या धावत असतात त्या दिवसांत रस्त्याकडेला लेन्स बदलू नये. कंप रोखणारी यंत्रणा बंद ठेवावी, कारण ती हाताच्या हालचालीला विरोध करते.

हात आधी फिरू लागावा, मग बटण दाबावे, आणि शटर मिटल्यानंतरही हात थोडा पुढे जाऊ द्यावा. बटण दाबून मग हात हलवला तर रेघेच्या सुरुवातीला प्रकाश साचून गाठ बसते. उसाच्या उभ्या तारांत अशी गाठ लगेच खटकते.

इतिहासात या पद्धतीचा एकच जनक दाखवता येत नाही. इटलीत ब्रागाल्या बंधूंनी 1911 च्या सुमारास माणसाच्या हालचालीचा माग एकाच छायाचित्रात धरला. ॲल्विन लँग्डन कोबर्न यांनी 1917 मध्ये आरशांच्या साहाय्याने अमूर्त छायाचित्रे केली. रंगीत छायाचित्रणात मंद शटरला प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः एर्न्स्ट हास (1921–1986) यांच्यामुळे. बैलझुंजीची त्यांची 1950 च्या दशकातील चित्रे आजही या विषयाचा उत्तम पाठ आहेत. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने 1962 मध्ये त्यांच्या रंगीत छायाचित्रांचे एकल प्रदर्शन भरवले. महाराष्ट्रात अमूर्ताची ओळख वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांमुळे अधिक आहे. छायाचित्रांपुरते पाहिले तर नसरीन मोहमदी (1937–1990) यांचे नाव आधी घ्यावे लागते. अलिबागजवळच्या किहीमशी त्यांचा दीर्घ संबंध होता आणि तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांची छायाचित्रे त्यांच्या हयातीत प्रदर्शनात आली नाहीत. त्यांत कॅमेरा हलवण्याचा प्रयोग नाही. पण वाळू, पाणी आणि फरसबंदी यांतून फक्त रेषा वेचण्याची त्यांची नजर आयसीएम करणाऱ्याने आधी आत्मसात करावी अशी आहे.

पलूस तालुक्यातीलच औदुंबरच्या दत्तमंदिराखालील कृष्णेचा घाट आडव्या हालचालीचा. पायऱ्यांच्या कडा आडव्या असल्याने त्या टिकतात, आणि माणसांच्या उभ्या आकृती विरून त्यांच्या कपड्यांचे रंग तेवढे पायऱ्यांवर पसरतात. चेहरे ओळखू येत नसले तरी स्नान करणाऱ्यांवर कॅमेरा रोखू नये.

पुणे–मिरज मार्गावर किर्लोस्करवाडी आणि भिलवडी या स्थानकांदरम्यान कॅमेरा हलवण्याचे काम गाडीच करते. 1/8 सेकंदात रुळालगतची बाभळ आणि ऊस पूर्ण पुसले जातात, मधली राने अर्धवट उरतात, आणि सागरेश्वरच्या बाजूचे डोंगर जवळजवळ स्थिर राहतात, कारण दूरची वस्तू डोळ्यांपुढून सावकाश सरकते. अंतरानुसार बदलणारी ही पुसट संगणकावर ‘ब्लर’ देऊन साधत नाही; तेथील साधा फिल्टर जवळच्या-दूरच्या सगळ्याला एकाच मापाने ताणतो, आणि त्यात हाताचा बाकही नसतो. मोबाइलवर मात्र सहेतुक कॅमेराचलन जमते. प्रो मोडमध्ये शटर मंद करता येते, पण बहुतेक फोनमध्ये छिद्र बदलत नसल्यामुळे दिवेलागणीची वेळ गाठावी लागते किंवा फोनवर चिमट्याने एनडी फिल्टर लावावा लागतो.