वाटेंत हरवलेला माल आणि गिऱ्हाइकाचा हक्क

पैसे आगाऊ पाठवून परमुलखांतून एखादी वस्तु मागविणाऱ्या गृहस्थाच्या मनांत एक शंका सदैव घर करून असते: माल आलाच नाहीं तर? पूर्वी ही शंका गलबताच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या पेढीवाल्याला छळीत असे. आज ती मोबाइलवर ‘माल रवाना झाला’ एवढाच संदेश पुनःपुन्हां वाचणाऱ्या गृहिणीला छळते. साधनें बदललीं, अंतरें तुटलीं, पण प्रश्न तोच राहिला. माल विक्रेत्याच्या हातून सुटला आणि गिऱ्हाइकाच्या हातीं पडला नाहीं, तर मधल्या वाटेवरची जोखीम कोणाची? या एका प्रश्नाच्या उत्तरांत व्यापारी कायद्याचा दीर्घ इतिहास सांठलेला आहे.

रोमन कायद्याचें उत्तर आजच्या गिऱ्हाइकाला कठोर वाटावें असें होतें. सौदा पुरा ठरला आणि विक्रेत्यानें मालाची योग्य ती निगा राखली, तर पुढील नाशाची जोखीम खरेदीदाराची, असा तेथील सर्वसाधारण नियम होता. इंग्लंडांत जोखीम मालकीच्या मागोमाग चालते हें तत्त्व मान्य झालें आणि १८९३ च्या मालविक्रीच्या कायद्यांत तें ग्रथित झालें. हिंदुस्थानांत विक्रीसंबंधींचीं कलमें प्रथम १८७२ च्या कराराच्या कायद्यांत होतीं. त्यांच्या जागीं १९३० सालीं मालविक्रीचा स्वतंत्र कायदा आला आणि तो भारतांत आजही चालू आहे. त्याच्या २६ व्या कलमाप्रमाणें, निराळा ठराव नसेल तर मालकी जाते तेव्हां जोखीमही जाते. ३९ व्या कलमाप्रमाणें, ठरावानुसार माल वाहतूक करणाऱ्याच्या हवालीं केला कीं तो सकृद्दर्शनीं खरेदीदारासच पोंचला असें धरलें जातें.

मोठ्या व्यापाऱ्याच्या दृष्टीनें यांत अन्याय नव्हता. जहाजावर माल चढविल्याचा दस्तऐवज हातीं आला कीं माल समुद्रावर असतांनाच तो दुसऱ्यास विकूं शके. विमाही त्याला उतरवितां येई. कायद्यानें त्याला आणखीही आधार दिला होता. मालाचें स्वरूप पाहून विक्रेत्यानें वाहतुकीचा ठराव समंजसपणें केला पाहिजे. आणि विमा उतरविण्याची वहिवाट असलेल्या समुद्रमार्गानें माल धाडतांना खरेदीदारास वेळींच सूचना दिली पाहिजे, नाहीं तर वाटेवरची जोखीम विक्रेत्याच्याच माथीं, अशी ३९ व्या कलमांतच तरतूद आहे. परंतु एखादें घड्याळ किंवा मुलासाठीं एखादें पुस्तक मागविणाऱ्या कुटुंबापाशीं ना जहाजाचा दस्तऐवज, ना विमा, ना वकील. व्यापाऱ्यांनीं व्यापाऱ्यांसाठीं घडविलेला नियम त्याच्या अंगावर घातला कीं तो ढगळ अंगरख्यासारखा दिसूं लागतो.

हिंदी व्यापाऱ्यांच्या वहिवाटींत मात्र या प्रश्नाकडे चतुर नजरेनें पाहिलेलें आढळतें. ‘जोखमी हुंडी’ हें त्याचें उत्तम उदाहरण होय. जहाजानें माल पाठविणारा व्यापारी मालाच्या किंमतीची हुंडी माल घेणाऱ्याच्या नांवें लिही आणि ती एखाद्या सावकारास कांहींशा कमी किंमतीला विकून आपली रक्कम हातीं करून घेई. माल सुखरूप पोंचला तर माल घेणारा हुंडी चुकती करी. जहाज बुडालें तर त्याला एक पैही द्यावी लागत नसे, आणि सावकारालाही पाठविणाऱ्याकडे परतीची मागणी करतां येत नसे. जोखमीचें मोल कमी किंमतीच्या रूपानें त्याला आधींच मिळालेलें असे. एकाच कागदांत हुंडी आणि विमा असे दोघे नांदत. यांतील मर्म हें कीं, माल येईपर्यंत घेणाऱ्याचा पैसा घेणाऱ्यापाशींच राही. न आलेल्या मालाच्या तंट्यांत कायदा काय म्हणतो यापेक्षां, माल वाटेवर असतांना पैसा कोणाच्या हातीं आहे यावर निकाल अधिक अवलंबून असतो. पुढील सारा इतिहास या मर्माभोंवतींच फिरतो.

सामान्य कुटुंबाच्या दारीं ही सोय आणली ती टपालखात्यानें. हिंदुस्थानांत १८७७ सालीं व्ही. पी. ची पद्धति सुरू झाली. पोस्टमननें पार्सल दारीं आणावें, गिऱ्हाइकानें पैसे मोजावेत आणि ते पोस्टानें विक्रेत्याकडे पोंचते करावेत, अशी ती साधी योजना होती. ज्या गांवीं पुस्तकांचें दुकान पाहावयासही मिळत नसे, तेथल्या वाचकाच्या हातीं नवें पुस्तक पडूं लागलें तें या मार्गानें. पेटींत भलतेंच निघालें तर पैसे मोजल्यावरच तें कळे, हा या पद्धतींतील उणेपणा खरा. पण जें पार्सल आलेंच नाहीं त्याचे पैसे मात्र कधीं जात नसत.

परदेशी टपालाची गोष्ट निराळी. १८७४ सालीं बर्न येथें जागतिक टपाल संघाचा पाया घातला गेला आणि १८७६ सालीं हिंदुस्थान त्यांत सामील झाला. त्यामुळें देशोदेशींचीं टपालखातीं एका सूत्रांत ओंवलीं गेलीं. तथापि परदेशच्या विक्रेत्याला पैसे बहुधा आधींच पाठवावे लागत. जागतिक टपालाचा सर्वसाधारण नियम असा कीं, टपालांतील वस्तु योग्य माणसाच्या हातीं पडेपर्यंत पाठविणाऱ्याच्या मालकीची राहते, आणि हरवलेल्या पार्सलाच्या भरपाईचा हक्कही मूलतः त्याचाच. इकडे गिऱ्हाईक आपल्या पोस्टांत खेटे घालून थकतें, आणि तिकडे विक्रेता ‘पोस्टाकडे चौकशी करा’ असें कळवून मोकळा होतो. वास्तविक भरपाई ज्याला मिळावयाची, तपासाची खटपटही त्यानेंच केली पाहिजे, आणि गिऱ्हाइकाचे पैसेही त्यानेंच परत केले पाहिजेत.

टपालानें माल मागविण्याचा व्यापार खऱ्या अर्थानें फोफावला तो अमेरिकेंत. १८७२ सालीं शिकागो येथें माँटगोमेरी वॉर्ड यानें खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांना डोळ्यांपुढें ठेवून असा धंदा मांडला, आणि पसंत न पडल्यास पैसे परत देण्याचें अभिवचन १८७५ पासून दिलें. न पाहिलेल्या दुकानदारावर लोकांचा विश्वास बसला तो अशा अभिवचनांमुळें. परंतु अभिवचन हें देणाऱ्याच्या मर्जीवर असतें. १९७५ सालीं अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानें त्याला नियमाचें बळ दिलें: सांगितलेल्या मुदतींत, आणि मुदत सांगितली नसेल तर ३० दिवसांत माल रवाना करावा, तें जमत नसेल तर गिऱ्हाइकाला कळवून त्याची संमति घ्यावी, नाहीं तर पैसे परत करावेत. पुढें टेलिफोनवरील आणि इंटरनेटवरील खरेदीही या नियमाखालीं आली.

ब्रिटननें याहून निराळा मार्ग काढला. तेथील १९७४ च्या ग्राहक-पत कायद्याच्या ७५ व्या कलमानें विक्रेत्याबरोबर क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँकेलाही जबाबदार धरलें. ज्या वस्तूची किंमत १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत आहे, तिला आज हें संरक्षण मिळतें. परंतु विक्रेता परदेशांतील असेल तर काय? बँकांचें म्हणणें असें कीं, हें कलम समुद्र ओलांडीत नाहीं. हा वाद उमरावांच्या सभेपर्यंत गेला आणि २००७ सालीं तिनें बँकांच्या विरुद्ध निकाल दिला. परदेशच्या दुकानदाराचा पत्ता शोधीत न बसतां, आपल्याच गांवच्या बँकेकडून पैसे मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला मिळाला. पुढें युरोपीय संघानें २०११ च्या निर्देशानें आणि ब्रिटननें २०१५ च्या ग्राहक-हक्क कायद्यानें मूळ नियमच फिरविला: सामान्य ग्राहकाच्या बाबतींत माल प्रत्यक्ष त्याच्या ताब्यांत येईपर्यंत जोखीम विक्रेत्याची. ग्राहकानें आपणहून निराळा वाहतूकदार नेमला असेल तेवढाच अपवाद.

भारतांत १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें सामान्य माणसाला दाद मागण्याचें स्वतंत्र स्थान दिलें. त्याच्या जागीं आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्यें अमलांत आला. तक्रार विक्रेत्याच्या गांवींच गुदरली पाहिजे असें आतां राहिलें नाहीं; ग्राहक जेथें राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तेथील आयोगापुढेंही ती मांडतां येते. त्यासाठीं सामान्यतः दोन वर्षांची मुदत आहे, आणि मालाची किंमत पांच लाख रुपयांपर्यंत असल्यास फी पडत नाहीं. २०२० च्या ई-व्यापार नियमांनीं आणखी एक पाऊल टाकलें. भारतांतील ग्राहकांना पद्धतशीरपणें माल देऊं करणाऱ्या परदेशी ई-व्यापार संस्थांनाही ते लागू आहेत. आणि ई-बाजारावरून विकलेला माल सांगितलेल्या मुदतीनंतर आला तर, दैवी आपत्तीचा अपवाद वगळतां, विक्रेत्याला तो परत घेण्याचें किंवा पैसे परत देण्याचें नाकारतां येत नाहीं.

तरीही कायद्याचा हात आणि त्याची पोंच या दोन भिन्न गोष्टी आहेत. सातासमुद्रांपलीकडे एका खोलींतून धंदा करणाऱ्या विक्रेत्याविरुद्ध निकाल मिळाला तरी त्याची बजावणी कोण व कशी करणार? येथें जोखमी हुंडीचें जुनें मर्म पुन्हां उपयोगी पडतें. पैसा ज्या आपल्या देशांतील हातांतून गेला, त्या हाताकडे प्रथम वळावें. कार्डानें पैसे दिले असल्यास, माल न मिळाल्याच्या कारणावरून ती रक्कम उलट फिरविण्याची मागणी बँकेकडे करतां येते. परंतु तिला मुदत असते. ‘आणखी थोडे दिवस वाट पाहा’ असें गोड उत्तर पुनःपुन्हां येत असेल, तर त्या वाट पाहण्यांतच ही मुदत संपून जाण्याचा धोका असतो. पार्सल जकातीसाठीं अडकलें आहे काय, हेंही आधीं पाहावें. तेथें गिऱ्हाइकाच्याच कागदांची किंवा पैशांची वाट पाहिली जात असेल, तर दोष विक्रेत्याचा नव्हे. मागणीची नोंद, पैसे दिल्याची पावती, पोंचविण्याची कबूल केलेली तारीख आणि झालेला पत्रव्यवहार हीं चार कागदपत्रें जपून ठेवावींत. सल्ल्यासाठीं १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक आहे.

सौदा होतांच जोखीम गिऱ्हाइकाची, येथून निघालेला हा प्रवास, हातीं पडेपर्यंत जोखीम विक्रेत्याची, येथवर कांहीं देशांत येऊन पोंचला आहे. भारतांत १९३० चा जुना नियम आणि २०१९ चा नवा कायदा अजून शेजारीं शेजारीं उभे आहेत. माल हातीं येईपर्यंत जोखीम विक्रेत्याचीच, असें नव्या कायद्यानें निःसंदिग्ध शब्दांत म्हटलें, तर जोखमी हुंडी लिहिणाऱ्यांना उमगलेली गोष्ट प्रत्येक घराच्या उंबरठ्यापर्यंत येईल. तोंवर शहाण्या गिऱ्हाइकानें माल दृष्टीस पडेपर्यंत पैशाची दोरी, होईल तितकी, आपल्या हातीं ठेवावी हेंच श्रेयस्कर.