न झालेल्या दंगलीचा इतिहास

इतिहासात दंगलींना पाने मिळतात. न झालेल्या दंगलीला ओळही मिळत नाही. भिवंडीचे नाव सर्वतोमुखी झाले ते १९७० आणि १९८४ च्या दंगलींमुळे. पोलिसांच्या वाट्याला आग विझवण्याचे कामच उरले होते. १९८८ मध्ये उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी हा क्रम उलटा केला. मोहल्ल्यामोहल्ल्यांतून त्यांनी समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसे अधिक. हिंदू आणि मुसलमान, दोन्ही. किरकोळ भांडण असो की मिरवणुकीची वाट, गोष्ट पोलिसांसमक्ष एकत्र बसून मिटू लागली. ओळखीच्या माणसाविषयीची अफवा चटकन खरी वाटत नाही, एवढेच त्यातले इंगित!

डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पडली. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत सुमारे ९०० माणसे मेली. जवळची भिवंडी मात्र शांत राहिली. पुढे १९९४ मध्ये मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

वाडीच्या शाळेत मी मुलांकडून लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेतो. त्यांत आता एक सन वाढवला आहे: १९९२, भिवंडी, काही घडले नाही.