तातीचा पडदा, धातूचा पडदा

गिटार एखाद्याच सुरावर खडखडू लागली, की बहुतेक जण आधी तार बदलतात. पण दोष अनेकदा तारेत नसतोच. शेजारचा एखादा पडदा, म्हणजे फ्रेट, केसभर वर आलेला असतो आणि थरथरणारी तार त्याच्या डोक्याला लागते. सगळे पडदे घासून एका पातळीत आणणं हा आज स्वतंत्र धंदा आहे. तो गिटारइतका जुना मात्र नाही. पडदा लाकडात कायमचा रुतला, तेव्हा त्याची गरज निर्माण झाली.

सोळाव्या शतकातल्या युरोपात ल्यूट, व्हिहुएला आणि त्या काळची गिटार यांचे पडदे तातीचे असत. दांडीभोवती तात गुंडाळून गाठ मारायची, झिजली की नवी बांधायची, सूर हलला की बोटानं सरकवायची. सगळं वादकाच्या हातात. १६१० साली लंडनमध्ये निघालेल्या ल्यूटवादनाच्या एका संग्रहात जॉन डाउलंडनं पडदे कसे बांधावेत ते सांगितलंय: सुरुवातीचे जाड तातीचे, आणि पुढे क्रमाक्रमानं बारीक. त्यामुळे दाबलेल्या तारेला पुढचा पडदा आडवा येत नाही. पातळी साधण्याचं काम तेव्हाही होत होतं, ते कानशीऐवजी तातीच्या जाडीनं होई. मला हे या साऱ्या कहाणीतलं सर्वांत शहाणं तंत्र वाटतं.

पडदा कुठे बसवायचा, याचा हिशेब त्याआधीच मांडला गेला होता. खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ च्या ग्रंथात अठराचा नियम दिला: दर पडद्याला उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडायचा. बाराव्या पडद्यावर हिशेब किंचित कमी पडतो, म्हणून आज १७.८१७ हा आकडा वापरतात.

धातूचे पक्के पडदे त्याच काळात सिटर्न या वाद्यावर होते. गिटारनं ते अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वीकारले. आपल्या सतारीनं मात्र धातूचा पडदा घेऊनही तो दोऱ्यानंच बांधला. रागाप्रमाणे तो आजही सरकतो. गिटारच्या पडद्याची सरकण्याची मुभा गेली आणि त्याची उंची ही कारागिराची जबाबदारी झाली.

अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीच्या गिटारींना बराच काळ चपट्या पट्टीचे पडदे असत. ही पट्टी खाचेत पाचरीसारखी बसे. दांडी तारांच्या ओढीनं पुढे वाकली असेल, तर थोड्या जाड पट्ट्या ठोकून ती मागे ढकलता येई. म्हणजे पडदे बसवणारा माणूस त्याच कामात दांडीही सरळ करी. १९३४ च्या सुमारास मार्टिननं वर गोल डोकं आणि खाली दातेरी जीभ असलेला पडदा घेतला. तिकडे गिब्सन कंपनीनं १९२० च्या दशकातच दांडीच्या पोटात ताण कमीजास्त करता येणारी पोलादी सळई घालायला सुरुवात केली होती. सळईनं दांडी सरळ करायची आणि पडद्यांची पातळी वेगळी साधायची, अशी कामाची वाटणी इथे झाली.

पोलादी तारांनी या धंद्याला कायमचं काम दिलं. पडद्याचा नेहमीचा धातू म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. पोलादापुढे तो मऊ. सुरुवातीच्या पडद्यांवर, बारीक तारांखाली, खळगे पडतात. ते काढताना कारागीर दांडी सरळ करतो, लाकडावर टेप लावतो, पडद्यांवर शाईची खूण करतो आणि लांब सपाट पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून सगळ्यांवरून फिरवतो. शाई जिथे शिल्लक, तिथे खड्डा. सगळी शाई गेली की पडदे एका पातळीत, पण माथे चपटे झालेले; म्हणून अंतर्गोल कानशीनं पुन्हा गोलाई द्यायची. गोलाई नसेल तर सुराची जागा ढळते.

आता बर्लिनच्या गेर्ड आन्के यांनी घडवलेलं प्लेक हे यंत्र तारा चढलेल्या असतानाच प्रत्येक पडद्याची उंची मोजतं आणि मग संगणकाच्या हिशेबानं घासतं. ताणाखाली मोजणं हा त्याचा खरा गुण. पण सैल पडदा कानशीखाली दबतो आणि ती उचलली की पुन्हा वर येतो. त्याला आधी ठोकून, गोंद भरून बसवावंच लागतं.