वल्ह्यांची सक्ती

मुंबईत रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, पण खऱ्या सॅल्मनशी त्याचं नातं नावापुरतंच. पॅसिफिकमधला सॅल्मन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्याच नदीत परततो. तिथेच मरतो.

कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर कॅम्पबेल नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे उन्हाळ्याच्या शेवटी चिनूक जातीचे अवाढव्य सॅल्मन जमतात. 1896 मध्ये सर रिचर्ड मस्ग्रेव्ह यांनी इथे 70 पौंडांचा, म्हणजे जवळजवळ 32 किलोंचा मासा पकडला. ही बातमी इंग्लंडच्या हौशी गळवाल्यांपर्यंत पोचली आणि साहेब लोक आगबोटीने येऊ लागले. 1904 मध्ये उघडलेल्या ‘विलोज’ हॉटेलात लाकूडतोडे आणि हे पाहुणे एकाच छपराखाली उतरत. तिथल्या संध्याकाळी बघण्यासारख्या असणार!

समोरच क्वाड्रा बेटावर मासे डबाबंद करणारी कॅनरी होती. तिच्यासाठी मासेमारी करणारेही याच खाडीत, याच माशांमागे असत. त्यांतल्या अनेकांकडे इंजिन घेण्याइतका पैसा नव्हता. एकटा माणूस छोट्या होडीत बसून वल्हवायचा आणि मागे आमिष म्हणून पितळी चमचा बांधलेली दोरी सोडायचा. भरती-ओहोटीच्या जोरदार प्रवाहात दिवसभर हेच काम. शेजारून जाणारा साहेबही होडीतच असे, पण त्याच्यासाठी वल्ही मारायला वाटाड्या असे.

1924 मध्ये या हौशी मंडळींनी ‘टायी क्लब’ काढला. चिनूक जार्गन या व्यापारी बोलीत ‘टायी’ म्हणजे सरदार. 30 पौंड, म्हणजे सुमारे साडेतेरा किलो, किंवा त्याहून जड चिनूकलाच तो मान. पण नुसता मोठा मासा आणून भागत नाही. तो वल्ह्यांच्या होडीतूनच पकडायचा, इंजिन चालवायचं नाही. आमिष कृत्रिम हवं आणि दोरी 20 पौंडांच्या वर ताण सोसणारी नको. माशाच्या वजनापेक्षा कमी ताकदीच्या दोरीने त्याला थकवत आणायचं, म्हणजे वल्हवणाऱ्याचं कसब गळवाल्याहून काही कमी नाही. सभासदाला मात्र वजनानुसार कांस्य, चांदी किंवा सोन्याचं बटण मिळतं. वाटाड्याच्या तळहातांना काय मिळतं, हे कोणी विचारू नये.

गंमत अशी, की क्लबने ज्यांना खेळाची शान ठरवलं, ती वल्ही त्याच पाण्यातल्या कोळ्याने नाइलाजाने धरली होती.

क्वाड्राची कॅनरी 1941 मध्ये जळाली. धंद्याच्या बोटींवर इंजिनं आली आणि मासे कमी होत गेले. 1968 मध्ये सरकारने सॅल्मन पकडणाऱ्या व्यावसायिक बोटींच्या परवान्यांवर मर्यादा घातली. 1998 मध्ये कोहो जातीच्या सॅल्मनची मासेमारी जवळजवळ बंदच केली. तरी जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, पहाटे आणि दिवेलागणीला, कॅम्पबेलच्या मुखाशी वल्ह्यांच्या होड्या अजून निघतात.